पावसाळ्यापासून लॅब्राडॉरचे पंजे खाजतात आणि लाल होतात. मूळ कारण कसे शोधावे?

कृष्णाकाठ:

नमस्कार. आमच्याकडे सिंबा नावाचा तीन वर्षांचा लॅब्राडॉर आहे. आम्ही वाईला राहतो. घरापुढे थोडी हिरवळ आणि मागे मोकळी जागा असल्यामुळे सिंबा दिवसातला बराच वेळ बाहेरच असतो. गेल्या वर्षी श्रावणात त्याने पुढचे दोन्ही पंजे चाटायला सुरुवात केली आणि दिवाळीच्या सुमारास ते आपोआप कमी झाले, म्हणून तो पावसाचा परिणाम असावा असे आम्ही धरून चाललो. यंदा मात्र आषाढातच सुरुवात झाली आणि मार्गशीर्ष उजाडला तरी चाटणे थांबलेले नाही. आता मागचे पंजेही तो दातांनी कुरतडतो, आणि रात्री सगळे झोपल्यावर त्याचा चाटण्याचा आवाज सतत येत राहतो.

त्याच्या बोटांची बेचकी लाल दिसतात, तिथले पांढरट केस तांबूस-तपकिरी झाले आहेत, हात लावला तर कातडी चिकट लागते आणि आंबूस वास येतो. जखम किंवा पू कुठेही नाही, तो लंगडत नाही, जेवणही व्यवस्थित आहे. वर्षभरात त्याचा कान मात्र अधूनमधून दुखावतो आणि त्यात काळपट मळ साठतो. गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या इंजेक्शनने खाज पूर्ण थांबली होती, पण काही आठवड्यांनी ती पुन्हा सुरू झाली. शेजाऱ्यांनी खोबरेल तेलात हळद कालवून लावायला सांगितले आहे, तर औषधांच्या दुकानात माणसांसाठीची खाजेची ट्यूब सुचवली.

माझे प्रश्न असे आहेत. ही बुरशी आहे की अ‍ॅलर्जी, आणि ते ठरवायचे कसे? तेच इंजेक्शन पुन्हा घ्यावे का? घरच्या घरी त्याला आराम मिळेल असे, पण अपाय होणार नाही असे, काय करता येईल? आहारात तो पोळी-दूध, अंडे आणि चिकन असलेले तयार खाद्य खातो, हेही नोंदवून ठेवतो.

दापोलीकर:

आपण लिहिलेले वर्णन कोकणात पावसाळ्यात घरोघरी दिसते. इथे जूनपासून चार महिने हवेतला दमटपणा हटत नाही आणि कुत्र्याचे पंजे एकदा ओले झाले की तासन्‌तास वाळत नाहीत. कारण शोधण्याचे काम डॉक्टरांचे आहे, त्यावर जाणकार लिहितीलच. मी फक्त रोजच्या निगेविषयी लिहिते, कारण औषध कितीही चांगले असले तरी पंजे ओले राहिले तर त्याचा उपयोग टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

बाहेरून आल्यावर चारही पंजे साध्या कोमट पाण्यात बुडवून धुवावेत. त्यासाठी दारातच एक पसरट घमेले ठेवले की सोपे जाते. साबण रोज लावू नये. धुण्यापेक्षा पुसणे जास्त महत्त्वाचे आहे, आणि बहुतेक घरांत नेमके तेच घाईत उरकले जाते. पंजाची वरची बाजू कोरडी दिसते, पण खालून बोटे फाकवून पाहिली तर गाद्यांच्या मधली जागा ओलीच असते. जुना, धुऊन मऊ झालेला सुती पंचा घेऊन प्रत्येक बेचक्यात तो दाबून धरावा, घासू नये, कारण आधीच लाल झालेली कातडी घासल्याने सोलवटते. गाद्यांच्या मधले केस फार वाढले असतील तर बोथट टोकाच्या कात्रीने किंवा केस कापण्याच्या यंत्राने ते गादीच्या पातळीपर्यंत कमी करून घ्यावेत. दाढीचे पाते मात्र वापरू नये. कापलेले राठ केस पुन्हा कातडीत रुततात आणि त्यातून गाठी उठतात.

दुसरी गोष्ट लादी पुसण्याची. फिनेल किंवा तीव्र वासाचे जंतुनाशक घातलेल्या पाण्याने फरशी पुसली की कुत्रा त्या ओल्या फरशीवरून चालतो, तिथेच झोपतो आणि मग तेच पंजे चाटतो. म्हणजे एकाच वेळी कातडीलाही त्रास आणि पोटातही रसायन. आमच्याकडे आता साध्या पाण्याने किंवा अगदी सौम्य साबणाच्या पाण्याने फरशी पुसतात, आणि ती पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला त्या खोलीत सोडत नाहीत. त्याची गोधडी आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी.

आणखी एक सांगावेसे वाटते. साचलेल्या पाण्यातून त्याला नेऊ नये. पंजांना चिरा किंवा ओरखडे असताना तर मुळीच नको, कारण पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यांनाही होतो आणि तो माणसांपर्यंतही पोहोचतो. त्याच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत लेप्टोची लस वेळच्या वेळी दिल्याची नोंद आहे का, ते एकदा पाहून घ्यावे.

जनावरांचा_डॉक्टर:

मी पशुवैद्यक म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. सिंबाला न पाहता मी निदान करू शकत नाही आणि औषधाची मात्राही इथे लिहिणार नाही. पण आपण वर्णन इतके नेमके केले आहे की तपास कोणत्या क्रमाने व्हावा हे निश्चित सांगता येते.

‘बुरशी की अ‍ॅलर्जी’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘दोन्ही’ असे असते. पंजे चाटणे हे लक्षण आहे. त्याच्या तळाशी एक मूळ कारण असते, आणि चाटून चाटून ओल्या झालेल्या कातडीवर नंतर जंतूंचा किंवा यीस्ट प्रकारच्या बुरशीचा संसर्ग चढतो. संसर्गाने खाज वाढते, खाजेने चाटणे वाढते, आणि मूळ कारण बाजूलाच राहते. फक्त संसर्गावर औषध दिले तर महिन्याभरात तो परत येतो. फक्त खाज दाबली तर संसर्ग आतल्या आत वाढत राहतो.

केसांचा तपकिरी रंग ही बुरशी नव्हे. कुत्र्याच्या लाळेतल्या पॉर्फिरिन नावाच्या घटकांमुळे, सतत चाटलेल्या जागेचे फिके केस तसे रंगतात. त्यावरून तो जागा किती काळ चाटत आहे एवढेच कळते. चिकटपणा आणि आंबूस वास मात्र मॅलासेझिया या यीस्टकडे बोट दाखवतात. हे यीस्ट निरोगी कुत्र्याच्या कातडीवरही थोड्या प्रमाणात असतेच. ओल, ऊब आणि अ‍ॅलर्जीने बिघडलेली कातडी मिळाली की ते बेसुमार वाढते. त्याची खात्री करण्याची तपासणी सोपी आहे. बेचक्यातल्या कातडीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून काढतात, ती रंगद्रव्याने रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यीस्ट आहे की गोलाणू जीवाणू आहेत की दोन्ही, हे थोड्याच वेळात समजते. ही तपासणी न करता दिलेले अँटिबायोटिक हे अंदाजाने दिलेले अँटिबायोटिक असते, आणि यीस्टवर तर त्याचा काहीच परिणाम होत नाही.

त्याच भेटीत लुतीची तपासणीही करून घ्यावी. डेमोडेक्स नावाचा सूक्ष्म किडा केसांच्या मुळाशी राहतो आणि काही कुत्र्यांत त्याचा प्रादुर्भाव पंजांपुरताच असतो. कातडी खोलवर खरवडून किंवा केस मुळापासून उपटून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पंजाची कातडी खरवडणे वेदनादायक असते, म्हणून तिथे केस उपटून पाहणे बरे. ही तपासणी आधी हवी, कारण डेमोडेक्स असताना स्टेरॉइड दिले तर आजार झपाट्याने पसरतो.

आता इंजेक्शनविषयी. त्यात काय होते हे मला माहीत नाही. ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला त्याची गरज लागेल. दीर्घकाळ काम करणारे स्टेरॉइड असेल तर खाज एकदम थांबणे आणि काही आठवड्यांनी परत येणे, हा क्रम अगदी जुळतो. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे, योग्य वेळी ते कुत्र्याचे हाल वाचवते. परंतु निदान न करता तेच इंजेक्शन पुन्हा पुन्हा घेत राहिले तर तहान आणि लघवी वाढते, वजन वाढते, स्नायू क्षीण होतात आणि संसर्गाला मोकळे रान मिळते. शिवाय गोळीप्रमाणे ते मध्येच थांबवता येत नाही. गोळ्या चालू असतील तर त्याही आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत, मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

सिंबाची लक्षणे पाहता अ‍ॅटोपी, म्हणजे धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण, बुरशीचे कण यांची जन्मजात प्रवृत्तीतून येणारी अ‍ॅलर्जी, हा माझा पहिला संशय आहे. ही अ‍ॅलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते, पंजे, कान, काखा, पोट आणि तोंडाभोवतीची कातडी या जागा धरते, आणि पहिल्या वर्षी ठरावीक ऋतूत दिसून पुढे वर्षभर पसरू शकते. लॅब्राडॉर जातीत ती पुष्कळ आढळते. कानाची जी तक्रार आपण जाता जाता लिहिली आहे ती माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कान आणि पंजे एकत्र दुखावतात तेव्हा अ‍ॅलर्जीचा विचार आधी करावा लागतो. मात्र अ‍ॅटोपी एका रक्ततपासणीने सिद्ध होत नाही. गोचीड-पिसवा, लूत, संसर्ग आणि अन्नाची अ‍ॅलर्जी ही कारणे एकेक करून वगळल्यावरच ते निदान करता येते.

उपचारात संसर्गासाठी 2 टक्के क्लोरहेक्झिडीन आणि 2 टक्के मायकोनॅझोल असलेल्या, कुत्र्यांसाठीच्या शाम्पूने आठवड्यातून दोनदा पंजे धुणे याला यीस्टच्या बाबतीत चांगला पुरावा आहे. फेस आल्यानंतर घड्याळ लावून दहा मिनिटे तो राहू द्यावा, त्या वेळात कुत्र्याला चाटू देऊ नये, मग भरपूर पाण्याने धुऊन दापोलीकरांनी लिहिले आहे तसे नीट कोरडे करावे. पुष्कळ लोक दोन मिनिटांत धुऊन टाकतात आणि मग शाम्पूचा उपयोग नाही असे म्हणतात. गोळ्यांच्या स्वरूपातली बुरशीनाशके लागलीच तर आधी यकृताची तपासणी हवी. खाजेसाठी स्टेरॉइडशिवाय ओक्लासिटिनिबच्या गोळ्या आणि लोकिव्हेटमॅबचे इंजेक्शन असे नवे पर्याय आहेत. पहिले औषध एक वर्षाखालील कुत्र्यांना आणि गंभीर संसर्ग असताना देत नाहीत. ही औषधे खाज आटोक्यात ठेवतात, अ‍ॅलर्जी मुळापासून घालवत नाहीत, हे आधीच समजून घेतले म्हणजे निराशा होत नाही.

खोबरेल आणि हळद विषारी नाहीत, पण बेचक्यात तेलाचा थर साठला की ओल अडकते, आणि मॅलासेझियाला स्निग्ध पदार्थ मानवतात. म्हणून सिंबाला तरी ते लावू नये. माणसांच्या ट्यूबमध्ये पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असतात. कुत्रा ते सगळे चाटून पोटात घेतो आणि वारंवार लावल्याने कातडी पातळ होते. झिंक ऑक्साइड असलेली मलमे आणि टी-ट्री तेल तर कुत्र्यासाठी विषारी ठरू शकतात. व्हिनेगर सोललेल्या कातडीला झोंबते. घरी काही करायचेच असेल तर पोव्हिडोन-आयोडीनचे द्रावण पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून त्यात पंजे काही मिनिटे बुडवावेत, वर साध्या पाण्याने धुवावेत आणि पुसावेत. डॉक्टरांची भेट होईपर्यंत तेवढे पुरेसे आहे.

वाईहून शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय जवळ पडेल. तिथल्या रुग्णालयात अशा तपासण्यांसाठी जाता येईल. मुंबईकडच्या वाचकांसाठी परळचे 1886 साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

माळरानवाट:

डॉक्टरांनी सविस्तर लिहिलेच आहे. मी फक्त कुसळांविषयी भर घालतो, कारण सध्या त्यांचाच हंगाम आहे आणि वाईच्या आसपासच्या डोंगरउतारांवर कुसळी गवत भरपूर असते. कुसळाचे टोक अणकुचीदार असते आणि त्यावरचे राठ केस मागे वळलेले असतात, त्यामुळे ते कातडीत शिरले की पुढेच सरकते, मागे येत नाही. कुत्रा अचानक एकच पंजा, तोही एकाच बेचक्यात चाटू लागला, तिथे लहानसे भोक किंवा पाणी गळणारी गाठ दिसली, तर आधी कुसळाचा संशय घ्यावा. साध्या क्ष-किरण चित्रात ते दिसत नाही, म्हणून चित्र स्वच्छ आहे या भरवशावर राहू नये. सिंबाचे चारही पंजे दुखावले आहेत, तेव्हा त्याचे मूळ कारण हे नसावे, पण त्यातच एखादे कुसळ रुतले तर ते लक्षात येणार नाही. फिरून आल्यावर बोटे फाकवून पाहण्याची सवय ठेवावी. गोचीडही बोटांच्या मध्येच लपून बसतात.

गाजरगवताच्या पट्ट्यातूनही त्याला नेऊ नका. 1950 च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे तण आता सगळीकडे पसरले आहे, आणि माणसांच्या कातडीला त्याने होणारा दाह आपण सर्वांनी पाहिलेला आहे.

कृष्णाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे शिरवळला जायचे ठरवले आहे, आणि इंजेक्शनचे नावही लिहून घेतो. आता दोन शंका उरल्या आहेत. अन्नाची अ‍ॅलर्जी वगळायची म्हणजे नेमके काय करायचे? चिकन बंद करून पाहिले तर पुरे का? आमच्या ओळखीत एकाने रक्त तपासून पन्नासेक पदार्थांची यादी मिळवली आहे, तसे करावे का? आणि तपासणीला जाईपर्यंत शाम्पू सुरू करून ठेवू का?

गोदातीर:

आहाराच्या चाचणीतून आम्ही आमच्या कुत्रीसोबत गेलो आहोत, म्हणून पहिल्या शंकेविषयी लिहिते. रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासणीवरून कुत्र्याची अन्नाची अ‍ॅलर्जी विश्वासाने ठरवता येत नाही, हे आम्हाला त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले होते, आणि त्यामुळे खर्च वाचला. खरी चाचणी एकच. किमान आठ आठवडे असा आहार द्यायचा की ज्यातले प्रथिन त्या कुत्र्याने पूर्वी कधी खाल्लेले नाही, किंवा डॉक्टरांकडून मिळणारे असे खाद्य द्यायचे की ज्यातली प्रथिने इतकी बारीक तोडलेली असतात की शरीर त्यांना ओळखत नाही.

फक्त चिकन बंद करून भागत नाही. कुत्र्यांना अन्नाची अ‍ॅलर्जी होते ती बहुधा त्यांच्या नेहमीच्या खाण्यातल्या पदार्थांची, आणि सिंबाच्या बाबतीत चिकन, दूध, अंडे आणि गहू हे चारही संशयित आहेत. बाजारात ‘कोकराचे मांस’ असे ठळक लिहिलेल्या खाद्याच्या पिशवीवरही घटकांच्या यादीत चिकनची चरबी किंवा यकृत निघते, म्हणून यादी शेवटपर्यंत वाचावी. सिंबाने बोकडाचे मांस कधीच खाल्लेले नसेल तर ते आणि रताळे, एवढ्यावर घरी चाचणी करता येईल. पण तसा आहार आठवडेच्या आठवडे चालवायचा तर कॅल्शियम आणि इतर पोषणाचा हिशेब डॉक्टरांकडून करून घ्यावा. ज्या घरात मांस शिजत नाही त्यांनी दूध-पनीरवर चाचणी करू नये, त्यापेक्षा तयार वैद्यकीय खाद्य घ्यावे. ते महाग आहे, पण घरातल्यांची आणि कुत्र्याची दोघांचीही ओढाताण टळते.

या चाचणीतला सर्वात अवघड भाग म्हणजे घरातली आणि दारातली माणसे. आजोबांच्या चहाबरोबरचे बिस्किट, कामाला येणाऱ्या मावशींनी प्रेमाने दिलेला पोळीचा तुकडा, शेजारच्या मुलांनी कुंपणावरून टाकलेला खाऊ, सणाचा नैवेद्य, यातले काहीही चालत नाही, आणि ते न दुखावता सांगावे लागते. आम्ही दारावर पाटी लावली होती. चवीच्या चघळण्याच्या गोळ्यांतही मांसाचा अंश असू शकतो, त्यामुळे जंताचे किंवा गोचिडीचे औषध कोणत्या प्रकारचे द्यावे हे आधी विचारून घ्यावे. आठ आठवड्यांनी खाज कमी झाली तरी चाचणी संपत नाही. जुना आहार मुद्दाम पुन्हा सुरू करून पाहावा लागतो. अन्नाची अ‍ॅलर्जी असेल तर बहुधा दोन आठवड्यांच्या आत खाज परत येते. ही पायरी आम्हाला फार जड गेली, बरे वाटत असलेल्या जिवाला पुन्हा त्रास द्यायचा म्हणजे मन धजत नाही. पण ऋतू बदलल्याने बरे वाटले की आहाराने, हे त्याशिवाय कळत नाही. आपला सिंबा गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आपोआप सुधारला होता, म्हणून आपल्याकडे तर ती वगळूच नये.

जनावरांचा_डॉक्टर:

गोदातीर यांनी लिहिले आहे त्यात मी एवढेच जोडतो की चाचणीच्या आधी किंवा तिच्या सुरुवातीलाच यीस्ट आणि जीवाणूंचा संसर्ग आटोक्यात आणावा, आणि गोचीड-पिसवांचे औषध वर्षभर नियमित चालू ठेवावे. नाहीतर आठ आठवडे काटेकोर आहार देऊनही खाज तशीच राहते आणि आहाराचा दोष नव्हता असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सिंबाला कधी झटके आले असतील तर गोचिडीसाठीची चघळण्याची गोळी निवडण्यापूर्वी ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

शाम्पू तपासणीनंतर सुरू करा. औषधी शाम्पू किंवा आयोडीनने पंजे स्वच्छ करून नेले तर चिकटपट्टीवर काहीच सापडत नाही, म्हणून भेटीच्या आधीचे तीन-चार दिवस साध्या पाण्याशिवाय काही लावू नका. त्या काळात तो फारच कुरतडत असेल तर गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू घालावा. मोजे घालून बांधून ठेवू नये, आत घाम आणि ओल साठते. पंजांची आणि कानांची छायाचित्रे आजच काढून ठेवा, उपचारानंतर तुलना करता येईल.

मात्र या दिवसांत तो लंगडू लागला, बोटांच्या मध्ये केसतोडासारखी दुखरी गाठ उठून तिच्यातून रक्तमिश्रित पू आला, एखादे नख किंवा बोट सुजले, किंवा त्याने खाणे सोडले, तर ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे न्या. खोल संसर्गावर काही आठवडे अँटिबायोटिक लागते आणि ते पू तपासणीला पाठवून, कोणते औषध लागू पडते ते पाहूनच निवडलेले बरे.